दे आप्पे

"रोज उठून आप्पे. देव्हाऱ्यातल्या गणपतीचे पण एवढे लाड मी कधी केले नाय," जनीवन्सं पुटपुटल्या. तोंड चुलीकडे होतं, पण आवाज असा बेताने लावलेला, की शेजारी विळीवर बसून नारळ खवणाऱ्या मैनाला नेमका ऐकू जावा. "तांदूळ भिजत घाला, वाटा, गूळ किसा. बिडाचं पात्र उचलून उचलून मनगट सुटायची वेळ आली. आणि खाणारा खातो किती? दोन. बाकीचे गिळायचे कोणी? मी. चार महिन्यांत अशी गरगरीत झालेय, की उद्या मलाच सुईनं उलटवायला लागंल."

मैना खवत राहिली. वन्संची कुरकुर म्हणजे घरातल्या पंख्याची घरघर. चालू असली की कोणाचं लक्ष जात नसे. थांबली की मात्र वीज गेली की काय म्हणून सगळे वर बघत.

तेवढ्यात पुढच्या पडवीतून सूर आला. आधी नुसता हुंकार, मग तोंडातल्या तोंडात घोळलेली एक लांब ओळ, आणि ओळीच्या शेवटी, चालून चालून दमलेल्या माणसानं वाटेत बसकण मारावी तशी अक्षरं.

"दे... आप्पे."

"आले रे, आले," वन्संनी हातातली लोकर विणायची सुई चटकन पात्रात फिरवली आणि दोन आप्पे बशीत काढले. "बघितलंस? वासावर असतो. बापूस पण असाच होता."

कुरकुर विसरून, पदर सावरत त्या बशी घेऊन गेल्यासुद्धा. संदेश त्यांचा धाकटा भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचा, जगाच्या सगळ्या समुद्रांवरून फिरून आलेला, पण वन्संच्या लेखी अजून शेंबूड पुसायला लागेल एवढाच. नवऱ्यामागे माहेरी गुहागरला परत आल्या तेव्हापासून त्या ह्याच घरात होत्या. मैनाचं लग्न होऊन ती आली, तेव्हा वन्संनी उंबऱ्यावर तिला पहिला प्रश्न विचारला होता, आप्पे येतात का गो?

तर आप्प्यांचं आणि ह्या घराचं नातं तसं जुनं होतं. पण रोजचे आप्पे सुरू झाले ते डिसेंबरात, संदेश दवाखान्यातून घरी आल्यापासून.

दिवाळी नुकती आटोपली होती. किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी होती. संदेशने कुणाच्या तरी मुलीला आपल्या घोडीवरून, तोरडीवरून, एक फेरी मारून आणली, अलगद उतरवून आईच्या हवाली केली, आणि स्वतः वाळूत बसला तो उठलाच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. आजूबाजूच्या लोकांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. तोरडीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती आपली आपण सुरूच्या बनातून, पाखाडीच्या पायऱ्या चढून घरी आली. रोज संध्याकाळी मैनाला लांबून दोन आवाज एकदम यायचे, तोरडीच्या गळ्यातली घंटा आणि तिच्या मागून चालणाऱ्या संदेशचं गाणं. त्या दिवशी नुसती घंटा आली. हातातलं सूप ठेवून मैना अनवाणी पळाली ती त्यामुळेच. कोणाचा फोन येण्याआधी तिला घंटेनं सांगितलं होतं.

आता गाणं होतं. घंटा नव्हती.

तोरडी ही संदेशची पांढुरकी, अंगावर राखाडी ठिपके असलेली घोडी. तिचं खरं नाव तोर्दिशा. तिकडे अर्जेंटिनात म्हणे अशा रंगाच्या घोडीला तसंच म्हणतात. गुहागरने पहिल्याच दिवशी त्याची तोरडी करून टाकली, आणि ते नाव तिला शोभलंही. चालायचीच तशी, पायात तोरड्या घातलेल्या नव्या सुनेसारखी, आपला आवाज आपणच ऐकत.

आता गुहागरच्या माणसाला अर्जेंटिनाची घोडी कुठून सुचली, तर तीही एक गोष्टच. संदेश जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होता. सव्वीस वर्षांपूर्वी त्याचं जहाज तिकडे एका मोठ्या नदीच्या बंदराला सोयाबीन भरायला लागलेलं असताना त्याचं अपेंडिक्स फुटलं. पोट कापलं, टाके घातले, जहाज निघून गेलं. कागदपत्रं होऊन तिकीट येईपर्यंत बंदरावरच्या एजंटाने त्याला आपल्या म्हाताऱ्या मामाकडे नेऊन ठेवलं. मामाचं नाव दोन एवारिस्तो. 'दोन' म्हणजे तिकडचं आपल्यातल्या 'राव'सारखं. पण वन्संनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, एकाचं नाव सांगितलास, दुसरा कोण?

दोन एवारिस्तो गाउचो होता. गाउचो म्हणजे काय, हे सांगताना संदेश म्हणायचा, "आपला धनगर, आपला खारवी नि आपला शाहीर, तिघांना एका पातेल्यात कालवलं तर जो होईल तो." जन्म घोड्यावर, जेवण घोड्याशेजारी, झोप घोड्याच्या खोगिरावर. खोगिरावरची मेंढीची कातडी रात्री काढायची, जमिनीवर अंथरायची, की झाली गादी. रात्री शेकोटीशी बसून गिटारवर गाणी म्हणायची, तीही घोड्याचीच. "त्यांच्या गाण्यात आधी घोडा येतो," संदेश सांगायचा, "मग आई. नि जागा उरली तर बायको."

"आणि माझी जागा कुठे?" मैनाने विचारलं होतं.

"तू आप्पे कर," तो म्हणाला होता.

तीही गंमत तिथलीच. तिकडून आल्यावर तो एकच गाणं गुणगुणायचा. दोन एवारिस्तोने शिकवलेलं, म्हाताऱ्यानं स्वतः जुळवलेलं, त्याच्या वाडीबाहेर कोणाला ठाऊक नसलेलं. गाण्याची प्रत्येक ओळ फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन पडायची. नवी नवी मैना चुलीपाशी बसून ऐकायची, आणि तिला ऐकू यायचं, दे आप्पे. एक दिवस तिने काही न बोलता आप्पे केले आणि ताट समोर ठेवलं. संदेशने ताटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि हसत सुटला. हसताना पोटाच्या टाक्यांवर हात धरून बसला. "काय झालं? तुम्हीच तर सकाळपासून मागताय," ती म्हणाली. त्यावर तो आणखी हसला, डोळे पुसले, आणि चौदा आप्पे खाल्ले. गाण्याचा खरा अर्थ काय, हे त्यानंतर तिने किती वेळा विचारलं. त्याचं उत्तर ठरलेलं. "तू लावलायस तोच बरा हाय."

पुढे जहाज सोडल्यावर त्याने तोरडी आणली. पाचगणीकडच्या एका घोडेवाल्याकडून. लोकांना वाटलं, पर्यटकांना फिरवून धंदा करील. धंदा केलान, पण स्वतः तिच्या पाठीवर कधी बसला नाही. गाउचो घोडीवर बसत नाहीत म्हणे, कमीपणा वाटतो. घोडी असते ती पुढे चालायला. गळ्यात घंटा बांधलेली एक शहाणी घोडी पुढे, आणि तिच्या घंटेमागून बाकीचे घोडे. तिला ते मादरिना म्हणतात, म्हणजे मानलेली आई. अंधार असो, धुकं असो, घंटा ऐकली की घोडा चुकत नाही. संदेशकडे मागून चालायला घोडे नव्हते, म्हणून तोच चालायचा.

तो दवाखान्यात असताना, चौथ्या दिवशी तोरडी मेली.

कशाने मेली, ते घरातलं कोणी बोलत नव्हतं. तोरडी तीन दिवस खात नव्हती, हे खरं. पाखाडीच्या दिशेला तोंड करून नुसती उभी. दवाखान्यातून फोनवर मैनाच वन्संना म्हणाली होती, "काही तरी गरम गरम घाला तिला, पोटाला आधार होईल." दुसऱ्या दिवशी तोरडीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, काय खाल्लंय हिने? तेव्हा वन्सं पाणी आणायला म्हणून आत गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत. मैना त्या संध्याकाळी कपडे न्यायला म्हणून घरी आली, तर मागच्या पायरीवर वन्सं मोठं पातेलं घासत बसल्या होत्या. स्वच्छ झालेलं पातेलं. पुन्हा राख लावायच्या, पुन्हा घासायच्या. मैना बघत उभी राहिली. तिला स्वतःचंच फोनवरचं वाक्य ऐकू येत होतं.

सुरूच्या बनापलीकडे सदूने खड्डा खणवला. सदू म्हणजे पालशेतचा टेम्पोवाला, संदेशचा शाळेपासूनचा दोस्त. पुण्याहून आलेली लेक शमिका, सदू, मैना आणि वन्सं, चौघांनी मिळून ठरवलं, की ह्यांना आत्ता सांगायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी बजावलंच होतं, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. मग तोरडी पालशेतला सदूकडे गेली. म्हणजे तसं सांगायचं ठरलं.

त्यानंतर सदू दर रविवारी येऊ लागला. आणि सदूला खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तो जरा जास्तच बोले.

ह्याही रविवारी आला. पडवीत खाटेशेजारी स्टूल ओढून बसला, गुडघ्यांवर हात आपटले, आणि भिंतीकडे बघत सुरू झाला. "तोरडी मजेत हाय, बोसन. जाडी झालेय. माझ्या आगरात चरते, नि आमच्या म्हशीशी काय जमलंय तिचं. म्हैस पाण्यात बसली का ही काठावर उभी. काल तर आवशीनं चपाती टाकलीन, ती पण खाल्लीन."

संदेश ऐकत होता. त्याचं अर्धं तोंड ऐकत होतं आणि अर्धं नुसतं लोंबत होतं. पण डोळे दोन्ही शाबूत होते.

"फोटो आणलाय," सदूने मोबाइल पुढे केला. "ही बघ, परवाचीच."

मैनाने उंबऱ्यातून मान वाकडी करून बघितलं. फोटो मागच्या वर्षीच्या शिमग्यातला होता. तोरडीच्या कपाळाला गुलाल होता. आणि गळ्यात घंटा.

संदेशने फोटो बघितला. मग मान हळूहळू वळवून खाटेसमोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे खिळ्याला तीच घंटा टांगलेली होती. मग त्याने सदूकडे बघितलं. बराच वेळ. सदूने मोबाइल खिशात घातला, काढला, पुन्हा घातला.

संदेशच्या छातीतून सूर निघाला. तीच लांब ओळ, तेच शेवटी बसकण मारणं. "दे... आप्पे."

"वैनी, आप्पे मागतोय," सदू सुटल्यासारखा उठला. "मी पण दोन घेतो."

तो दोन म्हणाला आणि सहा खाऊन गेला. पाखाडीवरून उतरताना बाहीने तोंड पुसत होता. ते आप्प्यांचं तूप नव्हतं.

चिपळूणला वाचा सुधारायच्या व्यायामासाठी नम्रता मॅडम होत्या. तरुण, हसऱ्या, संदेशला 'काका' म्हणणाऱ्या. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं, की कधीकधी बोलणं जातं आणि गाणं उरतं. मेंदूत त्याची खोली वेगळी असते. "गातायत ना, गाऊ द्या. आणि गाण्यातून काही मागितलं तर लगेच द्या. आपलं म्हणणं पोचतंय, हे त्यांना कळलं पाहिजे. तेच औषध." वन्संनी ते औषध मनावर घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ.

त्या रविवारी रात्री शमिकाचा फोन आला. "आई, बाबांचं गाणं रेकॉर्ड करून पाठव ना. नुसतं तू सांगतेस. मला ऐकायचंय." मैनाने सोमवारी सकाळी खाटेखाली मोबाइल ठेवला. तीन वेळा नुसता वन्संचा आवाज आला, चौथ्या वेळी जमलं. पाठवलं आणि विसरून गेली.

मंगळवारी दुपारी ती परसात सुपाऱ्या वाळत घालत होती. फोन वाजला.

"आई, कुठे आहेस? जवळ कोण आहे?"

"कोण असणार? सुपाऱ्या. काय गो, आवाज असा का तुझा?"

"माझ्या ऑफिसातली वेदिका माहितीये ना, तिने स्पॅनिश केलंय. तिला ऐकवलं मी. गंमत म्हणून. म्हटलं, आमचे बाबा आप्पे कसे मागतात ऐक." शमिका थांबली. "आई, बाबा आप्पे मागत नाहीयेत."

"म्हंजे?"

"ते 'दे आ पिये' आहे. पायी. म्हणजे... वेदिकाने चारदा ऐकलं, मग घरी जाऊन तिच्या सरांना विचारलं. तिकडे ज्याचा घोडा गेला त्याच्याबद्दल असं म्हणतात. पायी उरला. सगळंच गेलं, असा अर्थ होतो. गाण्यात आहे, तू निघून गेलीस, मला पायी सोडून."

"कोण निघून गेली?"

"मध्ये एक शब्द येतो बघ, येग्वा. येग्वा म्हणजे घोडी."

मैनाच्या हातातली सुपारी घरंगळत दगडी गडग्यापर्यंत गेली. तो शब्द तिला रोज ऐकू येत होता. वन्संना वाटायचं, आपल्यालाच हाक मारतोय, ये गो, ये गो.

"आई, बाबांना कोणी सांगितलं का? सदूकाका काही बोलले का?"

"नाय. कोणी नाय."

"मग त्यांना कसं कळलं?"

मैनाने फोन ठेवला. कावळा येऊन सुपाऱ्यांत चोच मारून गेला, तरी तिने हात उचलला नाही.

तिला तो डिसेंबरातला दिवस आठवला. संदेशला चौघांनी उचलून पडवीत आणलं, खाटेवर टेकवलं. सगळे थकलेले. त्याचे डोळे तेवढे अंगणाकडे, जिथे तोरडी बांधलेली असायची तिथे. तेव्हा मैनाच हुशारी करायला गेली. आतून घंटा आणली, चिंचेनं घासून लख्ख केलेली, आणि त्याला दिसेल अशी समोर खिळ्याला टांगली. म्हणाली, "तोरडी पालशेतला सदूकडे आहे हो. आली की आपण परत घालू तिच्या गळ्यात. तोपर्यंत तुमच्या डोळ्यांसमोर राहू दे." तिला वाटलं, घंटा बघून त्याला बरं वाटेल.

तो घंटेकडे किती वेळ बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग, पंचवीस दिवसांत पहिल्यांदा, त्याच्या गळ्यातून आवाज आला. ओळ आली. ओळीच्या शेवटी ती अक्षरं आली.

"बोलले," मैना ओरडलीच होती. "वन्सं, हे बोलले. आप्पे मागितले." शेजारणी जमल्या. कोणी साखर वाटली. शमिका हसत हसत रडली. वन्संनी तासाभरात, तांदळाचं पीठ नुसतं भिजवून, घाईघाईचे आप्पे करून आणले. आणि संदेशने ते खाल्ले. एकेक घास डाव्या गालात धरून, डोळ्यांतलं पाणी तोंडात येत होतं तरी, सात आप्पे खाल्ले. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एवढा आनंद होता. तो तरी काय करणार? "आवडले म्हणून रडतोय गो," वन्सं म्हणाल्या होत्या.

आणि आता, परसात, मैनाला दोन एवारिस्तोच्या घरची ती रीत आठवली. संदेशने लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलेली. नंतर तोरडीच्या गळ्यात घंटा बांधताना पुन्हा एकदा सांगितलेली. मादरिनाच्या गळ्यात घंटा एकदाच बांधायची. ती आजारी पडो, म्हातारी होवो, दुसऱ्या वाडीवर जावो, घंटा तिच्याबरोबर. घंटा उतरवायची ती एकदाच.

घरात एवढी माणसं जपून जपून खोटं बोलत होती, आणि खरं काय ते मैनाने स्वतःच्या हाताने, चिंचेनं घासून, त्याच्या डोळ्यांसमोर टांगलं होतं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो चार महिने त्यांना तेच सांगत होता. आणि चार महिने त्याच्या तोंडात ते आप्पे घालत होते.

सगळ्यात वाईट म्हणजे, ही चूक कोणी सुरू केली तेही तिला पक्कं ठाऊक होतं. सव्वीस वर्षांपूर्वी तिनेच कान चुकवला होता, आणि तो चुकलेला कान त्याला इतका आवडला, की त्याने तो कधी दुरुस्त केला नाही. आता दुरुस्त करायला त्याच्याकडे शब्द नव्हते.

ती उठली. हात धुतले. पडवीत जाऊन खाटेच्या कडेवर बसली. उन्हं कलली होती, सुरूच्या बनावरून वारा येत होता, आणि वाऱ्याने खिळ्यावरची घंटा किंचित हलत होती, वाजणार नाही एवढीच.

"अहो," ती म्हणाली.

संदेशने तिच्याकडे बघितलं.

"मला एक सांगायचंय." तिने त्याचा डावा, चांगला हात हातात घेतला. तळव्यावर दोरखंडांचे जुने घट्टे होते, आणि त्यांच्यावर लगामाचे नवे. "तोरडी..."

त्याचा हात तिच्या हातात ताठ झाला. तो थांबला होता. चार महिने तो ह्याच शब्दाच्या पुढच्या शब्दासाठी थांबला होता, हे तिला आता इतकं स्वच्छ दिसलं, की तिला तो शब्द उच्चारताच येईना. डॉक्टरांचं बोलणं आठवलं. दवाखान्यातल्या त्या नळ्या आठवल्या. ह्यांचा श्वास पुन्हा अडकला तर? आपण बोललो म्हणून अडकला तर? आणि ह्यांनी नजरेनं विचारलं, कशानं गेली, तर?

"तोरडी... सदू म्हणत होता ना, जाडी झालेय..."

ऐकू आलं तेव्हा तिलाच कळलं की हे आपण बोललो. संदेशने हात ओढून घेतला नाही. नुसता सैल सोडला. सैल सोडलेला हात किती जड असतो. त्याने मान वळवली, घंटेकडे बघितलं, आणि त्याच्या छातीतून पुन्हा ती ओळ उठली. ह्या वेळी मैनाला तिच्यातला प्रत्येक शब्द ऐकू आला. येग्वा ऐकू आलं. पायी ऐकू आलं. आप्पे कुठे नव्हतेच.

आतून भांड्यांचा आवाज झाला. "आले रे, आले. वाईच दम धर. बिडाचं पात्र हाय, विमान नाय," करत जनीवन्सं बशी घेऊन पडवीत आल्या. बशीत दोन आप्पे, वर तूप.

"वन्सं, नको," मैना म्हणाली.

"नको काय? मागतोय तो."

"आप्पे नाय मागत ते." मैनाने बशीवर हात आडवा धरला. "कधीच मागत नव्हते. शमिकाने विचारून घेतलं. ते घोड्याचं गाणं आहे. तिकडे, ज्याची घोडी गेली ना, तो म्हणतो, तू गेलीस आणि मी पायी राहिलो. तेच म्हणतायत ते. पहिल्या दिवसापासून तेच म्हणतायत."

वन्सं बशी धरून उभ्या राहिल्या.

मैना वाट बघत राहिली. आता त्या काहीतरी पुटपुटतील, तांदळाबद्दल, मनगटाबद्दल, चार महिने फुकट गेलेल्या गुळाबद्दल. वन्सं काही बोलल्या नाहीत. घरात इतकं शांत झालं, की संदेशनेसुद्धा मान वळवून बहिणीकडे बघितलं.

वन्संनी बशी खाली जमिनीवर ठेवली. भिंतीपाशी गेल्या. हात पोचत नव्हता, टाचा उंचावल्या, आणि खिळ्यावरून घंटा काढली. काढताना ती वाजली. एकदाच. चार महिन्यांनी घरात तो आवाज झाला आणि संदेशने डोळे मिटले.

त्या खाटेपाशी आल्या. गुडघे दुखत होते, तरी खाली बसल्या, भावाच्या तोंडासमोर तोंड येईल अशा. मैना म्हणायला गेली, "वन्सं, मीच तुम्हाला फोनवर..." पण वन्संनी हातानेच तिला गप्प केलं. घंटा संदेशच्या डाव्या हातात ठेवली, आणि त्याची बोटं एकेक करून तिच्याभोवती मिटली, लहानपणी शाळेत जाताना त्याच्या मुठीत शेंगदाणे मिटून द्यायच्या तशी.

"संदेश," त्या म्हणाल्या, "तोरडी मेली रे. तू दवाखान्यात गेलास त्याच्या चौथ्या दिवशी. तीन दिवस तुझी वाट बघत उपाशी उभी होती, मला बघवेना. पातेलंभर पेज केली, गूळ घालून, नि माझ्या हातानं मीच तिला सगळी घातली."